तिच्या नावाची सव्वा मूठ

माझी नात चक्कीवर जाते. रोज संध्याकाळी पाचला जाते आणि मीच तिला नेते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या गल्लीत ही गोष्ट लोक हळू आवाजात बोलतात, जणू पोर कुठं चोरी करायला जाते. मी मोठ्यानं सांगते. हळू बोलणं मला कधी जमलंच नाही. सासूबाई सांगून सांगून गेल्या, पण माझा आवाज काही खाली आला नाही.

चक्की म्हणजे पिठाची गिरणी. आमच्या तापीकाठच्या गावात तिला गिरणी कुणी म्हणत नाही. पोर आता दहा वर्षांची आहे. पाच वर्षांची होईपर्यंत तिनं कुणाला ‘माय’ म्हटलं नाही, ‘बा’ म्हटलं नाही. पहिला शब्द काढला तो ‘पट्टा’. मोटारीवरून मोठ्या चाकावर जातो आणि फटफट वाजतो, तो पट्टा. माझ्या कडेवर होती, चक्कीच्या दारात. बोट दाखवलं आणि स्पष्ट म्हणाली, “पट्टा.” घरी येऊन सुनेला सांगितलं तर तिनं डोळ्याला पदर लावला. आनंदानं की दुःखानं, ते मी अजून विचारलेलं नाही.

मग सुरतेला नेलं. आमच्याकडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की नवापूरवरून सुरत, ही वाट ठरलेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीपुढे खेळणी मांडली. पोरीनं खेळण्यातली गाडी उलटी केली आणि अर्धा तास एकच चाक फिरवलं. बाईंनी सांगितलं, ऑटिझम. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात हे मी मागाहून वाचलं. वाचलं आणि हसले. म्हटलं, स्वतःत मग्न? ही पोर स्वतःत कुठं मग्न आहे, ही तर चक्कीत मग्न आहे! स्वतःला तर विसरून जाते. चप्पल विसरते, जेवण विसरते, नाकातून येतंय ते विसरते.

आणि काय काय तिला ठाऊक आहे म्हणून सांगू. बाजरी दळताना आवाज कसा जड येतो, गहू दळताना कसा मोकळा येतो. डोळे मिटून सांगते, आता ज्वारी टाकली. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, दळण असेल तर उडदाचा वास तिला कोपऱ्यावरच येतो. दगड झिजला की त्याला टाकी मारावी लागते, छिन्नीनं पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. त्या खाचा ती वहीत काढते, पानामागून पान. शाळेच्या वहीत गणित नाही, कविता नाही, दगडच दगड. गावातली माणसं तिला तोंडावरून ओळखू येत नाहीत, डब्यावरून येतात. समोरची काकू तिच्या लेखी ‘निळं झाकण’. सरपंचीणबाई ‘पोचका डबा’. सरपंचीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. डबा खरंच पोचका आहे.

लोक विचारतात, याचा उपयोग काय? फार गोड बोलून विचारतात. “मोठी व्हईसन चक्की टाकी का पोर?” मी म्हणते, टाकेल नाहीतर नाही टाकणार. तुमचा मुलगा दिवसभर मोबाइलवर क्रिकेट बघतो, त्याला कुणी बॅट हातात देऊन मैदानात पाठवलंय का? ज्याचं त्याला गोड लागतं म्हणून तो बघतो. मग माझ्या नातीच्याच गोडीला उपयोगाचा दाखला कशाला लागतो?

पण आज हे बोलणारी मी, आधी मीच चुकले होते. ते झाकून ठेवणार नाही.

झालं असं, की कुणीतरी मला शहाणपण सांगितलं. पोरीला चक्की आवडते ना, मग चक्कीवरच तिला ताब्यात ठेवा. आणि मला ते पटलं! बाई, किती सोपं वाटलं. केस विंचरू दे, मग चक्की. दूध संपव, मग चक्की. शाळेत रडली नाहीस तर चक्की. पंधरा दिवस घर कसं सुतासारखं सरळ चाललं. सून खूश, मुलगा खूश, मी तर छाती काढून हिंडत होते.

मग माझ्या लक्षात आलं, की चक्कीवर गेल्यावर पोर दगडाकडे बघतच नाही. माझ्याकडे बघते. मी उठते का, मी रागावले का, मी आता चल म्हणणार का. ओठ हलत असायचे. जवळ जाऊन ऐकलं तर, “केस विंचरा. दूध पिनू. रडनू नही.” केस विंचरले, दूध प्याले, रडले नाही. एवढंच. पुन्हा पुन्हा. माझ्याकडे उधारी चुकती केल्यासारखं.

आणि एक दिवस तिनं शाळेत एका पोरीला चावा घेतला, तर मी म्हटलं, आज चक्की नही. पोर ओरडली नाही, लोळली नाही. माळ्याच्या जिन्याखाली जाऊन बसली आणि तोंडानं चक्की चालवायला लागली. घर्रर्र, घर्रर्र. आधी मोटर, मग पट्टा, मग दगड. तासभर चाललं. घसा बसला, आवाज फुटला, तरी थांबेना. सून दाराआडून म्हणाली, “माय, जाऊ द्या ना तिले.” मी तोऱ्यात होते. म्हटलं, एकदा सोडलं की गेलं.

बोलले आणि माझ्याच अंगावर काटा आला. कारण हे वाक्य मी ऐकलेलं होतं.

मी शाळेत चार वर्ग शिकले, तेही तोडकेमोडके. पुढचं वाचायला शिकले ते पुडीच्या कागदांवर. मारवाड्याच्या दुकानातून साखर यायची, जिरं यायचं, ते छापील कागदात. पुडी सोडली की कागद माझा. अर्धी बातमी, कुणाच्या तरी लग्नाची जाहिरात, खताची माहिती, काहीही. चुलीपुढं बसून वाचायची. भाकरी करपायची. सासूबाईंनी युक्ती काढली, कागद सगळे आपल्या उशाखाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, आधी गोठा झाड, मग एक देईन. मी गोठा झाडायची, कागद मिळायचा, पण त्या कागदावरचं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. डोळा कागदावर आणि कान सासूबाईंच्या पावलांवर. नणंदेनं एकदा विचारलं, देऊन का टाकत नाहीत तिला सगळे? तर सासूबाई म्हणाल्या, एकदा सोडलं की गेलं.

चाळीस वर्षांनी तेच माझ्या तोंडून निघालं, आणि कुणाला, तर या पोरीला.

मी जिन्याखाली वाकून बसले. माझे गुडघे दुखरे. म्हटलं, चल. ती म्हणाली, “चावा घेतला.” म्हटलं, घेतलास, ते वाईट केलंस, उद्या तिची माफी मागू. चक्कीचा आणि त्याचा काही संबंध नाही. चक्की तुझी आहे. आज, उद्या, रोज. काही केलंस तरी आणि नाही केलंस तरी. तिला ते पटायला दोन महिने लागले. दोन महिने ती दारातून निघताना विचारायची, “काय करनं पडी?” मी म्हणायचे, काही नाही, चप्पल घालनी पडी. मग एक दिवस विचारलं नाही.

केसांचं म्हणाल तर कापून टाकले बारीक. भांडणच मिटलं.

आता चक्कीवाल्याचं सांगते. म्हातारा आहे, माझ्याच वयाचा. त्यानं जमिनीवर चुन्याची रेघ मारून दिली, पट्ट्यापासून चांगली लांब. पोर रेघ ओलांडत नाही. चुना पुसट झाला की तीच त्याला ओरडते, “रेघ!” तो तिला शेठानी म्हणतो. “या शेठानी, आज बाजरी जास्त शे.” ती रेघेवर उभी राहते, डोळे अर्धे मिटते, आणि तिच्या अंगातली सगळी तार ढिली पडते. दिवसभर शाळेत, बाजारात, घरात ती जे काही सोसून आलेली असते, ते तिथं त्या घरघरीत खाली पडतं. हे मी बघितलेलं आहे. ज्यानं बघितलं नाही त्यानं मला सांगू नये.

आणि तिथूनच तिला बोलायला मिळालं. आधी तिला काय होतंय ते सांगताच यायचं नाही. कान झाकायची, डोकं आपटायची. मग एकदा आठवडे बाजारात गर्दीत माझा पदर ओढून म्हणाली, “मन्हा दगड तापना.” माझा दगड तापला. चक्कीत धान्य न टाकता दगड फिरला, की तो तापतो, जळका वास येतो, चक्की लगेच बंद करावी लागते. मी समजले. भाजी तिथंच टाकली आणि तिला घेऊन मोकळ्यावर आले. तेव्हापासून डोकं आपटणं सरलं नाही, खोटं कशाला बोलू, पण कमी झालं. आधी कळतं ना आता. सुरतेच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांनी ते शब्द तसेच्या तसे लिहून घेतले.

एवढं सगळं असून मागच्या श्रावणात माझा मुलगा, पोरीचा बाप, मला म्हणाला, “माय, यंदा पोरले दोन दिन मामाकडे धाडी देऊत.”

दोन दिवस कोणते, तर कानबाईचे, आमच्या कुळाच्या देवीचे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते आणि आदल्या शनिवारी रोट असतात. रोट म्हणजे कानबाईच्या नावाचं दळण आणि त्याचं जेवण. सगळे भाऊबंद जिथं असतील तिथून घरी येतात. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे, आणि त्याच्या पुरणपोळ्या फक्त कुळातल्यांनी खायच्या. बाहेरच्याला द्यायच्या नाहीत, कुठं पाठवायच्या नाहीत. म्हणजे पोर मामाकडे गेली तर तिला रोट नाही. घरातलं माणूस असून नाही.

मी विचारलं, “काबरं? तिले ताप शे का?”

“ताप नही. समदा येतीन. काका येतीन. मागला वर्षी काय व्हयनं, तू दखं ना?”

“दखं. तिनी लोकेसले चक्कीना दगड सांगा. कोनी मरनं का?”

मुलगा खाली बघून म्हणाला की काका त्याला फोनवर बोलले होते. काका म्हणजे माझा धाकटा दीर, सुरतेत कापडाच्या धंद्यात आहे, घरात त्याचा शब्द चालतो. तो म्हणाला होता, पोर अशी चार लोकांत चक्की चक्की करते, शोभतं का? तुम्ही तिला रोज नेता म्हणूनच ती सुधरत नाही. चक्की बंद करा, वर्षभरात बघा फरक. आणि माझा मुलगा त्याला हो म्हणून बसला होता. रोट झाले की चक्की बंद.

मला मुलाचा राग आला नाही असं नाही. पण त्याचं तोंड बघितलं. तो दमलेला होता. लाजून लाजून माणूस दमतो. मी एवढंच म्हटलं, “ती कुठेही जाणार नाही. जायचं तर मी पण जाईन तिच्या मामाकडे. मग काढा तुम्ही रोट.”

घरातली थोरली बाई मी. गहू माझ्या हातानं निघतात. मुलाला ते ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी दीर आला, बाकीचे आले. ओटा पुसला, सूप पुढं घेतलं, मी आंघोळ करून गव्हाच्या कोठीजवळ बसले. एकेकाचं नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. मोठे झाले, लहान झाले, रांगणारा एक होता तोही झाला. मग मी नातीचं नाव घेतलं आणि मूठ भरली.

दीर म्हणाला, “वहिनी, हाई काय करी ऱ्हायनात? पोरनी मूठ कोनी घेस का?”

“मी घेस. पहिलांदाच घेस, म्हनीसन नीट पहा.”

“उद्या ती दुसरानं घर जाई.”

“जाई तव्हय जाई. आज ती आठे शे ना?”

“मंग समद्या पोरीस्न्या घ्या!”

तो टोमणा होता. पण मला वाटलं, अरे, हे तर बरोबर बोलला. मी घरातल्या बाकीच्या तिन्ही पोरींच्या मुठी टाकल्या. सव्वा सव्वा. दीर बघत राहिला. चौथीला सुनेनं फस्‌कन हसू दाबलं. कानबाई स्वतः बाईमाणूस आहे, तिला काही वावगं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

मग दळण घेऊन चक्कीवर. रोटाच्या दिवशी चक्की धुऊन पुसून ठेवतात, दुसरं काही दळत नाहीत. बायांची ओळ रस्त्यापर्यंत. पोर माझ्या पुढे, दीर डबा घेऊन मागे, कारण रोटाचं दळण त्याला दुसऱ्याच्या हाती द्यायचं नव्हतं. पोर आपल्या रेघेवर उभी राहिली. चक्कीवाल्यानं मोटर सुरू केली, आमचे गहू ओतायला हात उचलला, आणि पोर ओरडली, “टाकू नका! पट्टा तुटी जाई!”

सगळं थांबलं. चक्कीवाल्यानं मोटर बंद केली. “शेठानी, पट्टा नवा शे. परवाच बसाडा.”

“तुटी जाई. आवाज येस.”

त्यानं पट्टा हातानं फिरवून बघितला, जोड बघितला, चाक बघितलं. मागून एक बाई म्हणाली, “आमनं दळन कव्हय व्हई मंग?” पोर हटेना. त्यानं पुन्हा सगळं बघितलं. पट्टा ठणठणीत होता. दळण झालं, आमचं झालं, सगळ्या गावाचं झालं, पट्टा तुटला नाही. आजपर्यंत तुटलेला नाही.

कुणाला वाटत असेल की आता पट्टा तुटला, पोरीचं खरं ठरलं आणि दिरानं कान धरले. नाही. ती चुकली. नवा पट्टा थोडा वेगळा वाजत होता, तिला तो तुटका वाटला.

दीर म्हणाला, “लई जानकार शे ना तुमनी नात!”

मी तिथंच, ओळीतल्या सगळ्या बायांसमोर म्हटलं, “चुकनी. मंग? तुम्ही दर इलेक्शनले कोन येई ते सांगतस, आन दर बारीले चुकतस. तुमनं तोंड कोनी बांधं का?”

बाया अशा हसल्या, की चक्कीवाला पाठ फिरवून पिठाची चाळणी झटकायला लागला.

एवढ्यात कोपऱ्यावरून ढोलताशा आला, कुणाची तरी कानबाईची तयारी. पोरीनं माझा पदर ओढला. “मन्हा दगड तापना.” मी तिला घेऊन चक्कीमागच्या निंबाखाली गेले. दीर मागून आला. त्यानं विचारलं, की चक्कीचा एवढा आवाज चालतो, मग ढोल का चालत नाही? चिडून नव्हे, खरंच विचारलं. म्हटलं, चक्की कधी सुरू होईल, कधी थांबेल, ते तिला ठाऊक असतं. ढोल न विचारता अंगावर येतो. त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला.

दुपारी पंगत बसली. आमच्या घरी रोटाच्या पंगतीत सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही, मग कुणी कितीही मोठा असो. पोरीला मी दिराच्या शेजारी बसवलं. मुद्दाम बसवलं, लपवत नाही. पोर जेवते सावकाश, पोळीचा काठ आधी, मग मधलं. आणि बोलते.

“आबा, दोन दगड ऱ्हातस. एक फिरस, एक फिरत नही.”

“बरं.”

मग खाचा. मग टाकी. मग बाजरीनंतर गहू टाकला तर पहिलं पीठ काळपट का येतं. दिराचं जेवण कधीच झालं होतं, हात वाळला होता. उठता येईना. मुलगा समोर बसून ताटात बघत होता, कान लाल. मग दीर म्हणाला, कंटाळून म्हणाला असेल, पण म्हणाला, “जो फिरत नही, त्यानं काय काम मंग?”

पोरीनं घास थांबवला. असं कुणी विचारतं का, अशा नजरेनं त्याच्याकडे बघितलं. “तो नही ते पीठ व्हत नही.”

दीर म्हणाला, “हां.” आणि एवढंच.

तो बदलला वगैरे मी म्हणणार नाही. सुरतेला जाताना मुलाला पुन्हा म्हणालाच, विचार कर म्हणून. पण सोमवारी कानबाई तापीवर बोळवून आलो, चक्की बंद होती त्या दिवशी, आणि पाच वाजता पोर दारात उभी. मी गुडघे धरून उठत होते, तोवर मुलानं चप्पल घातली. म्हणाला, “बस, मी जास.” चक्की बंद आहे हे त्याला ठाऊक होतं. दोघं बंद शटरसमोरच्या पायरीवर तासभर बसले. तिनं तोंडानं चक्की चालवली. त्यानं रस्त्यानं जाणाऱ्या लोकांना राम राम घातला. एकदाही खाली बघितलं नाही, हे मी कोपऱ्यावरून बघितलं.

चक्की बंद झालेली नाही. तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि निघाला तर मी आहे.

आता श्रावण जवळ आला. माझे हात कापतात, मुठीत गहू ठरत नाहीत. सुनेला बोलावून सांगितलं, की मी नसले तरी पोरीची मूठ सोडू नकोस, आणि दळायला तीच जाईल. सून भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, “माय, मन्हा हात तुमनाथून मोठा शे.”